पांढरा धूर

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये एका वऱ्हाडाचे छायाचित्र आहे. मागे 1973चा उन्हाळा अशी शाईने केलेली नोंद. स्थळ बेलापूर स्थानकाचा फलाट. गाव श्रीरामपूर, पण स्थानकाचे नाव बेलापूर. फेटे बांधलेले पुरुष, पत्र्याच्या ट्रंका, रडवेली करवली आणि उजव्या कडेला अर्धेच आलेले वाफेचे इंजिन. छायाचित्रकाराला ते नको असावे. जागा पुरेना म्हणून चौकटीत शिरले. एका इंजिनावर चार पिढ्यांनी प्रवास केला, आणि त्याचे आमच्याकडचे चित्र एवढेच.

ही काही आमच्या घरापुरती गोष्ट नव्हे. भारतातल्या वाफेच्या इंजिनांची जी उत्तम छायाचित्रे आज पाहायला मिळतात, त्यांतली पुष्कळशी परदेशी हौशी मंडळींनी काढलेली आहेत. ब्रिटिश रेल्वेने 11 ऑगस्ट 1968 रोजी मुख्य मार्गांवरील वाफेच्या गाड्यांना निरोप दिला आणि तिथल्या छंदिष्टांची पावले भारताकडे वळली. इथे चित्तरंजनच्या कारखान्यात 1970पर्यंत ब्रॉडगेजची आणि 1972पर्यंत मीटरगेजची वाफेची इंजिने तयार होत होती. गोल नाकावर तारा मिरवणारे डब्ल्यूपी इंजिन या मंडळींचे विशेष लाडके. ह्यू ह्यूज यांनी तर 1990च्या दशकात ‘इंडियन लोकोमोटिव्हज्’ या ग्रंथमालेत या इंजिनांची अत्यंत चिकाटीने जंत्री केली. हे ऋण मान्यच केले पाहिजे.

आपण का काढली नाहीत ही छायाचित्रे? कॅमेरा आणि फिल्म महाग होती, रेल्वेच्या हद्दीत छायाचित्रणाला परवानगी लागे, ही कारणे खरीच. परंतु मला वाटते, ज्याच्या कोळशाचे कण डोळ्यांत जात, ज्याने पांढरे धोतर काळे होई, त्याचे चित्र काढावे असे कोणाला सुचत नसे. स्मरणरंजनाला आधी वियोग लागतो. आपल्याकडे तो वियोग भाषेने सांभाळला. ‘आगगाडी’ हा शब्दच पाहा: आग विझून काही दशके लोटली, 6 डिसेंबर 1995ला ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची गाडी पंजाबात धावली, तरी शब्दातली आग कायम आहे. माडगूळकरांच्या मामाच्या गावच्या बालगीताने ती आणखी दोन पिढ्या पुरवली. वाफेचे इंजिन कधीही न पाहिलेले मूल आजही गाडी काढताना आधी धुराडे काढते आणि त्यावर भुरभुर रेघा ओढते.

त्या रेघांविषयीच थोडे बोलायचे आहे. या छायाचित्रांत ज्याला आपण धूर म्हणतो, त्यातला पांढरा भाग धूर नसतोच. वाफ स्वतः अदृश्य असते. ती गार हवेत निवून सूक्ष्म थेंब होते तेव्हा दिसते. म्हणून तर छायाचित्रकार थंडीतली सकाळ गाठतात. ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने 1955पासून पुढची काही वर्षे व्हर्जिनिया परिसरात रात्रीच्या गाड्या टिपल्या. त्याच्या असंख्य फ्लॅशदिव्यांच्या झोतात उजळते ती मुख्यतः हीच वाफ. काळा धूर मात्र खरा धूर. तो न जळालेला कोळसा. निष्णात फायरमन तो निघू देत नाही, कारण तेवढा कोळसा आणि तेवढे श्रम फुकट. तरीही छायाचित्रांसाठी सोडलेल्या खास गाड्यांवर मुद्दाम काळा लोट काढायला लावण्याची रीत जगभर आहे. वाईट कामाचे सुंदर चित्र, असे त्याला म्हणावे लागेल. असो.

तर पांढरे ते पाणी. ब्रॉडगेजच्या मोठ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस हजार लिटरांहून अधिक पाणी मावे, आणि ते वाटेत पुन्हा भरावे लागे. हे पाणी नगर जिल्ह्यातून जाणाऱ्या मार्गावर भरले जाई, याचा विचार छायाचित्र पाहताना सहसा होत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. दौंड-मनमाड हा मार्गच मुळी दुष्काळाचे अपत्य आहे. 1876-78च्या दुष्काळात त्याचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून झाले आणि 1878 साली तो खुला झाला. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्यावर आणून ठेवला होता. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातील मजुरांनी 1877च्या आरंभी दुष्काळी कामांवर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. म्हणजे मार्ग खुला झाला तो त्यांच्याच अमदानीत. खोऱ्याने माती ओढणाऱ्या त्या बायाबापड्यांचे छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही. रुळांखालचा भराव हाच काय तो त्यांचा पुरावा, आणि तो प्रत्येक ‘सुंदर’ छायाचित्रात इंजिनाच्या खाली निमूटपणे असतो.

नंतर भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, 1950मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि उत्तरेकडच्या तालुक्यांची कळा पालटली. पण सगळ्या जिल्ह्याची नव्हे. ज्या 1972मध्ये चित्तरंजनचे शेवटचे वाफेचे इंजिन कारखान्याबाहेर पडले, त्याच वर्षी दुष्काळाने लोक पुन्हा खडी फोडायला बसले. आमचे वऱ्हाड त्यानंतरच्या उन्हाळ्यातले.

परवा ते छायाचित्र भिंगाखाली धरले. मी इंजिनाचा क्रमांक शोधत होतो. तो चौकटीबाहेर राहिला आहे. इंजिनाच्या मागे, हत्तीच्या सोंडेसारखा पाण्याचा नळ दिसतो. त्याच्या तोंडून गळणाऱ्या पाण्याखाली एक बाई कळशी धरून वाकली आहे. दुसरी कळशी पायाशी आहे, रिकामी की भरलेली ते कळत नाही. तिचा चेहरा वाफेत गेला आहे. त्या लग्नाला हजर असलेल्यांपैकी आता फक्त थोरली आत्या आहे. तिला विचारले, या कोण? तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले.

“आपल्या वऱ्हाडातली नाही,” ती म्हणाली.