भिंतीवरचा उष्णतामापक

ऑस्ट्रियांत क्रेम्सम्युन्स्टर येथें बेनेडिक्टपंथी साधूंचा प्राचीन मठ आहे. त्याची वेधशाळा १७५८ मध्यें पुरी झाली, आणि पुढील दशकांत तेथें सुरू झालेली उष्णतामानाची नोंद आजतागायत चालूं आहे. इतकी जुनी वही हातीं आली कीं मोह होतो: पहिलें व शेवटचें पान शेजारीं ठेवावें आणि हवा किती पालटली तें सांगून मोकळें व्हावें. परंतु पालटते ती नेहमीं हवाच असते असें नाहीं. उपकरण बदलतें, खिडकींतून अंगणांत जातें, वेधाची वेळ बदलते. वहींतले आंकडे मात्र निमूटपणें एकाखालीं एक उभे राहतात. अशा खोट्या पायऱ्या जींत नाहींत, त्या मालिकेस शास्त्रज्ञ एकजिनसी म्हणतात.

स्वीडनच्या हान्स अलेक्झांडरसन ह्यांनीं १९८६ मध्यें पर्जन्याच्या आंकड्यांसाठीं जी कसोटी प्रसिद्ध केली, तिचें मर्म कोणाही गृहस्थास कळण्याजोगें आहे. संशयित स्थळाचा पाऊस शेजारच्या स्थळांच्या पावसाशीं ताडून दरवर्षीचें प्रमाण काढावयाचें. दुष्काळ पडला तर तो सर्वांनाच पडतो. म्हणून हें प्रमाण फारसें हलूं नये. मग एकेका वर्षापाशीं मालिका दुभंगून मागची व पुढची सरासरी पाहावयाची. जेथें तफावत सर्वांत ठळक दिसते आणि केवळ यदृच्छेनें घडण्याइतकी लहान नसते, तेथें खंड पडला असें मानावयाचें. निकाल सर्वस्वीं गणितावर सोडणें मात्र धोक्याचें. त्या वर्षीं पर्जन्यमापक हलविला होता काय, हें जुन्या दप्तरांत पाहिलेंच पाहिजे.

ही कसोटी शेजाऱ्यांच्या साक्षीवर उभी आहे. पण सगळे शेजारी एकदम चुकले तर? आल्प्सच्या परिसरांत नेमकें तसेंच झालें. १८५० पूर्वीं उष्णतामापक बहुधा उत्तरेकडील भिंतीला वा खिडकीला टांगलेले असत. उन्हापासून त्यांना पुरता आडोसा नसे. १८५१ मध्यें व्हिएन्नाची मध्यवर्ती वेधसंस्था निघाली, आणि पुढील दोन दशकांत ठिकठिकाणीं आडोशाच्या पेट्या आल्या. बदल सर्वत्र जवळजवळ एकाच वेळीं झाल्यामुळें तुलनेंत तो दिसेना. जुने उन्हाळे कागदावर खऱ्याहून उबदार राहिले, व नंतरची तापमानवाढ त्या मानानें कमी भासली.

येथें मठाचें जुनें जपण्याचें वळण कामास आलें. वेधशाळेची ती खिडकी जागेवरच होती. तेथें व आधुनिक पेटींत आठ वर्षें जोडीनें वेध घेण्यांत आले, आणि त्यांवरून राइनहार्ड ब्योम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें जुन्या मालिकांची दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्या काळचे उन्हाळे कांहीं दशांश अंशांनीं खालीं आणावे लागले. हिवाळ्यांस तितका हात लावावा लागला नाहीं.