दोन शहरे आणि मधली गावे

कोप्पीकर रोडवर संध्याकाळी पाच-दहा मिनिटे उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानी पडते. कोणी ते कानडीत म्हणतो, कोणी मराठीत, तर एखादे सारस्वत गृहस्थ "धारवाडाक वचून येतां" असे म्हणून लगबगीने बसकडे वळतात. वाक्य अगदी साधे आहे. परंतु माझ्यासारख्या कायद्याच्या माणसाला ते ऐकताना गंमत वाटते. कारण १९६२ सालापासून हुबळी आणि धारवाड ही कायद्याच्या दृष्टीने दोन गावे राहिलेली नाहीत. धारवाडला निघालेला हा गृहस्थ एका नगराच्या एका पेठेतून दुसऱ्या पेठेत चालला आहे, असे सरकारी दप्तर साठ वर्षांहून अधिक काळ सांगत आले. लोकांच्या जिभेने मात्र ते कधी मान्य केले नाही.

या दोन शहरांच्या मीलनाविषयी पुष्कळ बोलले जाते. अलीकडे त्यांच्या विभक्तीविषयी त्याहून अधिक बोलले जाते. मला आज सांगावयाचे आहे ते या दोहोंच्या मध्ये पडलेल्या गावांविषयी. कारण १९६२ च्या घटनेत सर्वांत मोठा बदल ज्यांच्या वाट्यास आला ती हीच गावे होत, आणि त्यांचे नावही त्या महापालिकेच्या पाटीवर कधी चढले नाही.

आरंभ जरा मागून करावा लागेल. हुबळी हे नगर स्वतःच एका जोडणीतून झालेले आहे. जुनी हुबळी, म्हणजे कानडी लोकांची रायर हुबळी, भवानीशंकराच्या देवळाभोवती वसलेली. १७२७ साली बसप्पा शेट्टी नावाच्या व्यापाऱ्याने सावनूरच्या नबाबाच्या परवानगीने दुर्गदबैलाच्या परिसरात नवी पेठ वसविली आणि नवी हुबळी उभी राहिली. पुढे मराठी अमलात या दोन हुबळींचे धनी निराळे झाले. जुनी हुबळी पेशव्यांच्या वतीने फडके पाहत, आणि नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांकडे होती. इंग्रजांनी जुने गाव १८१७ साली पेशव्यांकडून घेतले. नवे गाव १८२० साली, स्वारांच्या चाकरीऐवजी मुलूख तोडून द्यावयाचा असा जो करार झाला त्यात, पटवर्धनांनी आणखी ४७ गावांसह कंपनीच्या हवाली केले. हाकेच्या अंतरावरील दोन वस्त्यांचा कारभार दोन निरनिराळ्या दरबारांतून चालत होता, हे आज जुन्या हुबळीतून नव्या हुबळीत चालत जाणाऱ्याला खरेही वाटणार नाही. ती जोडणी इतकी पुरती झाली की तिचा सांधा कोठे होता हे दाखविणेही कठीण. त्या ४७ गावांना मात्र तेव्हाही कोणी काही विचारले नव्हते. त्या काळी गावे दिली-घेतली जात. विचारली जात नसत.

नगरपालिकांचा इतिहास १८५० च्या सव्विसाव्या कायद्यापासून सुरू होतो. त्या कायद्याखाली हुबळीची नगरपालिका १५ ऑगस्ट १८५५ रोजी आणि धारवाडची १ जानेवारी १८५६ रोजी अस्तित्वात आली. या जुन्या कायद्यात एक मोठी लक्षणीय गोष्ट होती. तो एखाद्या गावास लागू करावयाचा तर तशी रहिवाशांची इच्छा आहे, अशी सरकारची खात्री पटावी लागे. रहिवाशांच्या अर्जाची त्यात योजना होती. अर्थात 'रहिवासी' म्हणजे कोण, चार शेटसावकार की सारे गाव, आणि आरंभी जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटच अध्यक्षस्थानी बसत असता त्या इच्छेला कितीसा अर्थ उरे, या शंका रास्त आहेत. तरीही परक्या राज्यकर्त्यांच्या कायद्याने निदान कागदावर लोकांची संमती अवश्य मानली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढील शंभर वर्षांत दोन्ही गावे आपापल्या वळणाने वाढली. हुबळीला रेल्वेचा कारखाना, कापसाचा बाजार आणि गिरण्या मिळाल्या. धारवाडला कलेक्टरची कचेरी, सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे, १९१७ साली कर्नाटक कॉलेज आणि पुढे कर्नाटक विद्यापीठ लाभले. १८८१ च्या शिरगणतीत हुबळीची वस्ती ३६ हजारांच्या आसपास, तर धारवाडची २७ हजारांच्या घरात होती. पुढे हे अंतर वाढतच गेले. एकाने पैसा मिळवावा व दुसऱ्याने पुस्तके वाचावीत, अशी वाटणी झाल्याचे थट्टेने म्हणतात. थट्टाच ती. गंगूबाई हनगल जन्मल्या धारवाडला आणि त्यांचे आयुष्य गेले हुबळीत. मराठी घरात वाढलेले बेंद्रे धारवाडच्या साधनकेरीत राहून कानडीचे महाकवी झाले. माणसे या वाटणीत कधीच नीट बसली नाहीत.

तरी पाण्याच्या बाबतीत मात्र दोघांची चूल निराळी होती. हुबळीची तहान उणकलच्या तलावाने भागवायची आणि धारवाडची केलगेरीच्या तलावाने. हे दोन्ही तलाव गावांच्या नावाचे आहेत, हे सहज ध्यानात येत नाही. शहरे गावांचे पाणी प्यायली ती महापालिका होण्याच्या कितीतरी आधी. गावांना शहराचे नाव मिळाले ते नंतर.

१९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, पण कायद्याची पुस्तके लगेच बदलत नाहीत. त्यामुळे १९६२ साली म्हैसूर सरकारने हुबळी-धारवाड महानगरपालिका स्थापन केली ती मुंबईच्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली. कर्नाटकाने आपला स्वतंत्र महानगरपालिका कायदा केला तो १९७६ साली. १९४९ चा हा कायदा १८५० च्या कायद्याहून सर्वच बाबतींत पुढारलेला होता, एक वगळून. महापालिका स्थापणे हा सरकारच्या अधिसूचनेचा विषय झाला. त्यासाठी गावकऱ्यांचा कौल घेतलाच पाहिजे अशी अट त्यात नव्हती.

आता भूगोलाकडे पाहू. एकमेकांपासून सुमारे २० किलोमीटर दूर असलेली दोन शहरे एका महापालिकेत घालणे ही या राज्यात अपूर्व गोष्ट होती. दोन टोके एक करावयाची तर मधली दोरी आलीच. उणकल, भैरीदेवरकोप्प, अमरगोळ, नवलूर, रायापूर, सत्तूर ही या दोरीवरची गावे होत. हुबळीच्या अंगाला गोकुळ, गब्बूर, बिडनाळ. धारवाडच्या अंगाला केलगेरी. महापालिकेची हद्द पुढे ४५ महसुली गावांच्या शिवारांवर पसरली. शहराला टेकलेली गावे कधी ना कधी शहरात जातातच. त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु नवलूरसारखे गाव, ज्याचे नाव पेरूच्या बागांसाठी सर्वतोमुखी, ते नगर झाले होते म्हणून नगरात आले असे कोणासही म्हणता येणार नाही. ते दोन नगरांच्या मध्ये होते, एवढाच त्याचा अपराध.

त्याच सुमारास गावांवर दुसराही एक आघात झाला. १९६१ च्या कायद्याने म्हैसूर राज्यातील वंशपरंपरेची ग्रामाधिकारपदे रद्द ठरली आणि १९६३ च्या फेब्रुवारीपासून त्याचा अंमल सुरू झाला. पाटील-कुळकर्ण्यांची वतने गेली याचे दुःख मला नाही. ती जावयास हवीच होती. परंतु इतर गावांत जुने वतन गेले तेव्हा नवी पंचायत तरी मागे राहिली. या मधल्या गावांत पाटीलही गेला आणि पंचायतही गेली. दोन वर्षांच्या आत गावाच्या वतीने बोलावयाचे कोणी, या प्रश्नाला उत्तर उरले नाही. उत्तर होते ते एक वॉर्डाचा सदस्य, आणि तो वॉर्ड गावाच्या शिवेशी जुळेलच असे नव्हते.

मोबदल्यात काही मिळालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मलप्रभेचे पाणी आले, दिवे आले, दवाखाने आले. सत्तूरला वैद्यकीय महाविद्यालय झाले, अमरगोळला मोठा बाजार-आवार उभा राहिला. दोन शहरांचा सांधा म्हणून नवनगर नावाची वसाहत मध्यभागी वसविण्यात आली आणि पोलीस आयुक्तांची कचेरी तेथे नेण्यात आली. २०२० साली जिचे औपचारिक उद्घाटन झाले ती जलद बससेवा, लोकांच्या तोंडची 'चिगरी', याच गावांच्या छातीवरून धावते. उणकलच्या चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ पाहावयास आता हुबळीहून दहा-पंधरा मिनिटांत जाता येते. या गावांतला तरुण आज मागे फिरून ग्रामपंचायत मागेल, असे मला वाटत नाही. प्रश्न सोयींचा नाहीच. गाव मोडून नगरात घालताना गावाला बसवून विचारले होते काय, एवढाच तो प्रश्न आहे.

हे विचारणे अशक्य असते काय? स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या कुशीत ग्लारुस नावाचा एक चिमुकला प्रांत आहे. तेथील मतदार दरवर्षी मे महिन्यात एका चौकात उघड्यावर जमतात आणि हात वर करून कायदे करतात. २००६ साली तेथे २५ ग्रामसंस्था एकत्र करून दहा कराव्यात असा सरकारचा प्रस्ताव होता. एका नागरिकाने उभे राहून दहाच्या ऐवजी तीनच करा, अशी उपसूचना मांडली. आणि सभेने ती मान्य केली! पुढल्या वर्षी खास सभा बोलावून हा निर्णय पुन्हा तपासला गेला. लोकांनी तो कायम केला. २०११ च्या आरंभी एल्म, लिंथाल अशी डोंगरातली जुनी गावे ग्लारुस-दक्षिण या एका पालिकेत गेली. गावे तेथेही मिटली. पण मिटविणारे हात गावकऱ्यांचे होते.

लाखांच्या वस्तीला चौकात जमणे शक्य नाही, हे मी जाणतो. परंतु ग्रामसभा ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९९३ पासून ती आपल्या राज्यघटनेत आहे. गमत अशी की गाव नगरात गेले की ग्रामसभा संपते. म्हणजे ज्या एका ठरावासाठी तिची खरी निकड, तो ठराव तिच्यापुढे यावाच असे बंधन नाही. आणि तो अमलात आला की ती स्वतःच उरत नाही. घटनेच्या २४३-क्यू या अनुच्छेदात नगरक्षेत्र ठरविताना लोकसंख्या, वस्तीची दाटी, महसूल, शेतीखेरीज इतर धंद्यांचे प्रमाण, आर्थिक महत्त्व या गोष्टी पाहाव्यात असे म्हटले आहे. गावाची इच्छा हा शब्द त्या यादीत नाही.

महाराष्ट्रातही याच वाटेने पुष्कळ घडले आहे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. एकेकाळचे पटवर्धनांचे दोन दरबार एका कचेरीत आले, आणि कुपवाडला निदान पाटीवर तिसरे नाव मिळाले. पुण्यात २०१७ साली ११ गावे शहरात घेण्यात आली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुढे महापालिकेतून बाहेर काढून त्यांची निराळी नगरपरिषद करण्यात आली. जोडलेले पुन्हा सुटते, हे लोकांनी पाहिले.

आमच्याकडे आता तेच चालले आहे. हुबळीला झुकते माप मिळते, ही धारवाडकरांची तक्रार जुनी. स्वतंत्र महापालिकेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे मागणी केली आणि २०२५ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. २०११ च्या शिरगणतीत ज्या नगराची वस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास होती, त्याचे दोन भाग करण्याची ही गोष्ट. धारवाडला आपले घर आपण चालवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्याला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु सारी चर्चा पुन्हा दोघांचीच. जणू रेघ ओढावयाची ती रिकाम्या माळावर!

कोप्पीकर हे आडनाव आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. कानडीत 'कोप्प' म्हणजे खेडेवजा वस्ती. आणि शेवटी 'कर' लावून गावाला जन्मभर आडनावात वागविणारी आपण मराठी-कोंकणी माणसे. हुबळीच्या ऐन बाजारातला रस्ता खेड्याच्या नावाचा निघावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते. गावाचे नाव टिकवून धरणारी दुसरी जागा माझ्या व्यवसायात आहे. महापालिका होऊन इतकी वर्षे झाली, तरी या भागातील जमिनीचे खरेदीखत लिहिताना परिशिष्टात मौजे उणकल किंवा मौजे अमरगोळ असे गावाचे नाव घालून रि. स. नंबर लिहावाच लागतो. चतुःसीमा सांगताना पूर्वेस अमक्याचे शेत असे कित्येकदा जुन्या दस्तावरून उतरते, आणि पाहावयास जावे तर तेथे तीन मजली इमारत उभी असते.

मागे सत्तूरकडील एक वृद्ध पक्षकार अशाच एका दस्तासाठी आले होते. वाचून दाखविणे संपल्यावर त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, आता आम्ही धारवाडचे की हुबळीचे?" मी म्हटले, "सरकार ठरवील तसे. पण दस्तात सत्तूरच राहील, अण्णा." त्यांनी तेवढी ओळ मला पुन्हा एकदा वाचावयास लावली, आणि मग अंगठ्याला शाई लावून घेतली.