वल्हांडणाचा आठवडा आणि लिंकनच्या मृत्यूची वार्ता

इ. स. १८६५ साली अमेरिकेतील यहुदी लोकांचा वल्हांडण सण मोठ्या शुभ घटकेला आला, असे प्रथम वाटले होते. ९ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. चार वर्षांचे यादवी युद्ध संपल्यातच जमा झाले. दुसऱ्याच सायंकाळी यहुदी घराघरांतून बेखमीर भाकरीच्या ताटाभोवती मिसर देशातील दास्याची आणि मोशेने केलेल्या सुटकेची कथा सांगितली गेली. कोकणातील बेने इस्राएलांमुळे आपल्याकडेही परिचित असलेला हा सण मूळचाच मुक्तीचा. आणि बाहेर तर सुमारे चाळीस लाख गुलामांच्या बेड्या तुटत होत्या. उपदेशकांना विषय शोधण्याचे कारण नव्हते.

परंतु १४ तारखेच्या रात्री, गुड फ्रायडेच्या दिवशी, अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि शनिवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. तो दिवस यहुद्यांच्या शब्बाथाचा. ख्रिस्ती लोक दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या उपासनेस जमायचे होते. यहुदी मंडळ्या मात्र त्याच सकाळी सभास्थानांत जमत असताना तारेने ही वार्ता येऊन थडकली. शोकाचा पहिला सार्वजनिक उच्चार करण्याचे काम अशा रीतीने या लहानशा समाजाच्या वाट्याला आले. शब्बाथाला आणि सणात उघड शोक करू नये, असा त्यांचा दंडक आहे. त्या दिवशी तो फारसा कोणी पाळू शकले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत एल्कन कोन हे रब्बी व्यासपीठावर चढत असतानाच त्यांच्या हाती चिठ्ठी पडली, आणि ती वाचून त्यांना अश्रू आवरेनात. वल्हांडणातील शब्बाथाला यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील सुक्या अस्थींच्या खोऱ्याचा अध्याय वाचण्याची जुनी प्रथा आहे. त्या सकाळी तो ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

या आठवड्याचे खरे स्वरूप फिलाडेल्फिया शहरात दिसते. तेथे तीन नामांकित उपदेशक होते, आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर तिघांची तोंडे तीन दिशांना होती. आयझॅक लीसर हे वयाने वडील. सभास्थानात इंग्रजीतून नियमित प्रवचन करण्याचा पायंडा अमेरिकेत त्यांनी १८३० च्या सुमारास पाडला होता. तथापि गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविणे हे धर्मोपदेशकाचे काम नव्हे, अशीच त्यांची वृत्ती होती. सॅबॅटो मोराईस हे इटलीतील लिव्होर्नोचे, मनाने मुक्तिवादी. (हे दोघे काटेकोर अर्थाने रब्बी नव्हते, तर आपल्या बेने इस्राएलांकडे असतात तसे उपासना चालविणारे हज्जान होते.) मोराईस यांच्या प्रवचनांतील राजकारण मंडळीच्या कारभाऱ्यांना खपेना, युद्ध चालू असतानाच त्यांनी त्यांच्या तोंडाला कुलूप घातले होते. तिसरे डेव्हिड आइनहॉर्न यांची कहाणी याहूनही कडवट. न्यूयॉर्कच्या मॉरिस राफाल यांनी ४ जानेवारी १८६१ रोजी शास्त्रात गुलामगिरीस निषेध नाही असे प्रतिपादन केले, तेव्हा बाल्टिमोरहून आइनहॉर्न यांनी आपल्या 'सिनाय' या जर्मन मासिकातून त्याचा खरपूस समाचार घेतला. त्याच वर्षी एप्रिलात बाल्टिमोरमध्ये दंगल उसळली आणि त्यांना कुटुंबासह पळ काढावा लागला. पुन्हा त्या विषयावर बोलणार नसाल तर परत या, असा मंडळीचा निरोप आला. ते गेले नाहीत.

आता तिघांनाही एकाच मृत पुरुषाविषयी बोलणे प्राप्त झाले. लीसर शनिवारीच बोलले. लेखणी आणि वाणी दोन्हींवर प्रभुत्व असलेल्या या गृहस्थाने आपले विचार नीट जुळत नाहीत, असे श्रोत्यांसमोर सांगून टाकले. मंगळवारी सण संपला. बुधवारी, १९ तारखेला, वॉशिंग्टनला अंत्यविधी चालू असताना देशभर प्रार्थना झाल्या. तेव्हा मोराईस आपल्या मिक्वे इस्राएल मंडळीपुढे आणि आइनहॉर्न केनेसेथ इस्राएलमध्ये उभे राहिले. बाल्टिमोरच्या दंगलीला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. त्याच दिवशी सिनसिनाटीत आयझॅक मेयर वाइज यांनी तर लिंकन स्वतःला हिब्रू वंशाचे मानीत असत, असे सांगितले. त्याला दुसरा कोणताही पुरावा नाही. हेच वाइज पूर्वी आपल्या पत्रात लिंकनची टर उडवीत असत, हे लक्षात घेतले म्हणजे शोकाच्या भरात माणूस किती दूर जातो ते कळते.

तथापि हा शोक केवळ भरती-ओहोटीचा नव्हता. १८६२ च्या डिसेंबरात जनरल ग्रँट यांनी यहुद्यांना आपल्या सैन्याच्या प्रदेशातून हुसकावण्याचा हुकूम काढला होता, आणि लिंकननी तो पुढच्याच महिन्यात रद्द करविला. सैन्यात यहुदी धर्मगुरू नेमण्याची मोकळीकही त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली होती.

लीसर २२ तारखेच्या शब्बाथाला वॉशिंग्टनच्या हिब्रू मंडळीपुढे बोलले. त्याच सायंकाळी लिंकनचे शव घेऊन निघालेली आगगाडी त्यांच्या फिलाडेल्फियाला पोहोचली. पुढे अध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय शोकदिन २५ मे ठरविला. पण त्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण येतो हे ध्यानात आल्यावर तो १ जूनवर नेला. १ जूनला यहुद्यांच्या सप्ताहांच्या सणाचा दुसरा दिवस होता. म्हणजे सणाचे वस्त्र अंगावर असतानाच उपदेशकांना पुन्हा एकदा लिंकनविषयी बोलण्यास उभे राहावे लागले.