एचएलए जनुके आणि आमवातातील जबड्याच्या सांध्याची हानी

आमवात अर्थात संधिवाताभ संधिशोथ हा शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते असा दीर्घकालीन आजार आहे. हाताच्या बोटांप्रमाणेच कानासमोरील जबड्याचा सांधाही त्यात झिजतो. या रोगाची प्रवृत्ती व तीव्रता काही अंशी एचएलए जनुकांवर अवलंबून असते.

एचएलए जनुके

ही जनुके ६ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतात. त्यांपासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर राहून प्रथिनांचे तुकडे टी-पेशींपुढे मांडतात आणि त्यावरून टी-पेशी आपले व परके ओळखतात. या गटातील पहिला प्रतिजन फ्रेंच वैद्यक जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये वर्णिला; १९८० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

आमवाताशी संबंध

पीटर स्टॅस्टनी यांनी १९७८ मध्ये डीआर४ हा प्रतिजन आमवाताच्या रुग्णांत अधिक आढळतो असे दाखविले. १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर व विंचेस्टर यांनी ‘सामायिक एपिटोप’ ही कल्पना मांडली. डीआरबी१ जनुकाच्या काही प्रकारांत ७० ते ७४ या स्थानांवरील अमिनो आम्लांचा क्रम जवळजवळ सारखा असतो. असा क्रम असलेल्या व्यक्तींत सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होण्याची व हाडे झिजण्याची शक्यता वाढते. धूम्रपानाने हा धोका आणखी वाढतो.

जबड्यावरील परिणाम

सांध्याच्या आतील अस्तराला सूज येऊन ते जाड होते आणि कूर्चा, चकती व खालच्या जबड्याचे गोलसर टोक कुरतडते. चावताना वेदना, सकाळचा ताठरपणा, करकर आवाज व तोंड कमी उघडणे ही लक्षणे दिसतात. हे दुखणे अनेकदा दाताचे वा कानाचे समजले जाते. दोन्ही बाजूंची टोके झिजल्यास जबडा मागे सरकतो आणि पुढचे दात मिटत नाहीत.

बालकांमध्ये

१६ वर्षांखालील मुलांच्या संधिशोथात हानी अधिक गंभीर ठरते, कारण खालच्या जबड्याची वाढ याच टोकापाशी होते. प्रारंभी वेदना नसल्याने रोग लक्षात येत नाही; पुढे हनुवटी लहान राहते किंवा चेहरा एका बाजूस झुकतो.

निदान व उपचार

हाडाची झीज क्ष-किरण व सीटी चित्रणात दिसते. अस्तराची सूज त्याआधीच एमआरआयमध्ये कळते. मेथोट्रेक्सेट व जैविक औषधे रोग आटोक्यात ठेवतात. जोडीला जबड्याचे व्यायाम व दातांवरील पट्टी उपयोगी पडते. सांधा पूर्ण निकामी झाल्यास कृत्रिम सांधा बसवितात.

मर्यादा

एचएलए तपासणी हे रोगनिदान नव्हे. ही जनुके असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना आमवात होत नाही, तर ती नसलेल्या काहींना होतो. समान जनुके असलेल्या जुळ्यांतही बहुतेकदा एकालाच हा रोग होतो. म्हणून कोणत्याही आमवाताच्या रुग्णाचा जबडा वेळोवेळी तपासणे आवश्यक ठरते.