नाकाला न कळणारं दूध

मराठीत अन्न 'खराब' फारसं होत नाही. म्हणजे होतं, पण आपण तसं म्हणत नाही. दूध नासतं, डाळ आंबते, भात विटतो, खोबरं खवट होतं, लोणच्याला बुरा येतो, आणि कालच्या उसळीत चमचा बुडवून वर काढला की तार सुटते. यातल्या प्रत्येक शब्दामागे एक टेस्ट आहे. कुणी नाकाने करायची, कुणी जिभेने, कुणी नुसती बघून. लॅब नसलेल्या लोकांनी कित्येक पिढ्या पोटदुखी सोसून जमवलेला हा डेटा आहे, आणि आपल्याला तो आयता मिळालाय.

आता यात सोया दूध, बदाम दूध, ओट दूध कुठे बसवायचं? ते नासतं, आंबतं की खवट होतं? उत्तर असं आहे की तिन्ही होऊ शकतं. आणि कधी कधी यातलं काहीच न होता ते पिण्यालायक राहत नाही. हल्ली प्रत्येक ऑफिसच्या पँट्रीत एखादा तरी असा खोका उघडा पडलेला असतो आणि त्याचा वास घेणारं एखादं तरी चिंताग्रस्त नाक असतं :-) म्हणून या विकांताला हा विषय.

आधी खऱ्या दुधाचं बघू. गाई-म्हशीच्या दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, साधारण साडेचार-पाच टक्के. काही जिवाणू ती खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. लुई पाश्चरने १८५७ मध्ये फ्रान्समधल्या लील इथे हे मांडलं, की दूध आंबणं हे आपोआप होत नाही, त्यामागे जिवंत काहीतरी असतं. आम्ल वाढलं की आधी वास येतो. मग दूध तापवलं की केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं, म्हणजेच दूध फाटतं. आपल्या घरातली 'जरा गॅसवर ठेवून बघ' ही टेस्ट याच गोष्टीवर चालते. आणि ती चांगली टेस्ट आहे. कारण कच्च्या दुधात हे आम्लवाले जिवाणू भरपूर असतात आणि ते बाकीच्या गुंडांच्या आधी पोचतात. शिवाय ते वर्दी देऊन येतात. बरं, त्यांनी केलेलं नुकसानही फारसं नसतं, फाटलेल्या दुधाचं आई पनीर तरी करतेच.

(थोडं अवांतर: पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधाला हे पूर्णपणे लागू नाही. पाश्चरायझेशनमध्ये आम्लवाले बरेचसे मरतात, आणि जे उरतात त्यांच्यामुळे दूध आंबट व्हायच्या ऐवजी कधी कधी कडू होतं. आजीची टेस्ट तिथेच थोडी जुनी झाली होती, आपल्या लक्षात आलं नाही एवढंच.)

वनस्पतींच्या दुधात लॅक्टोज नसतं. सोयाबीनमध्ये वेगळ्या साखरा असतात, साखर न घातलेल्या बदाम दुधात साखर जवळजवळ नसतेच, ओटच्या दुधात स्टार्च मोडून झालेली माल्टोज असते. त्यामुळे तिथे पहिला कोण पोचेल हे ठरलेलं नाही. साखर खाणारे आले तर आंबट, प्रथिनं मोडणारे आले तर कडू किंवा कुबट, तेल बिघडलं तर खवट. सोया दूध आम्लही नाही आणि फारसं अल्कलीही नाही, त्यामुळे बहुतेक जिवाणूंना ते मानवतं.

मग जुने लोक काय करत होते? ही दुधं काही आजची नाहीत. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या पाकपुस्तकात बदामाचं दूध येतं. १३९० च्या आसपासच्या इंग्लंडच्या राजाच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींमध्ये तर ते पानोपानी आहे, कारण ख्रिश्चन उपासाच्या दिवसांत प्राण्याचं दूध चालत नसे. चीनमध्ये सोयाबीनचं दूध सकाळी गरमागरम प्यायची पद्धत आहे. आणि आपल्याकडे कोकणात-गोव्यात नारळाचं दूध.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हे दूध सहसा कुणी साठवत नव्हतं. साठवायचे ते बदाम, सोयाबीन, नारळ. कवचातला नारळ महिनोन्‌महिने टिकतो. दूध काढायचं ते हवं तेव्हा, हवं तेवढं, आणि त्याच दिवशी संपवायचं. सोलकढी उरली तर ती दुसऱ्या दिवशी कशी लागते हे ज्याने चाखलंय त्याला जास्त सांगायला नको. शिवाय नारळाचं दूध ताजं असतानाच उकळलं तर फुटतं, म्हणून तर आमटीत रस घातल्यावर 'आता उकळी नको' असं बजावतात. म्हणजे फाटणं ही नासल्याची खूण इथे मुळातच चालत नाही. ते दूध बिघडलंय का हे ओळखायची टेस्ट कुणी बनवली नाही, कारण तशी वेळच येऊ द्यायची नाही अशी व्यवस्था होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

ती व्यवस्था विसाव्या शतकात मोडली. दूध बाटलीत भरून विकायचं ठरलं तेव्हा.

ली यू-यिंग नावाच्या चिनी माणसाने पॅरिसजवळ १९०८-१० च्या सुमारास सोयाबीनचं दूध आणि टोफू बनवायचा कारखाना काढला होता. हॅरी मिलर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने १९३६ मध्ये शांघायला सोया दुधाचा कारखाना सुरू केला, तो १९३७ च्या जपानी बाँबहल्ल्यात गेला. (आपल्याकडे दुधाला वनस्पतीतला पर्याय कुणीतरी शोधावा असं गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. दूध सोडल्याचं व्रत आणि मग आजारपणात घेतलेलं शेळीचं दूध, याची बोच त्यांना कायम राहिली.) पण ज्याच्या गोष्टीत आपला मुद्दा नेमका सापडतो तो माणूस हाँगकाँगचा. लो क्वी-सिओंग, इंग्रजी कागदांवर के. एस. लो.

लोचा जन्म १९१० चा, बालपण मलायात, शिक्षण हाँगकाँग विद्यापीठात. शांघायमध्ये त्याने अमेरिकन वकिलातीतल्या ज्युलियन अर्नोल्डचं भाषण ऐकलं. विषय होता सोयाबीन, म्हणजे 'चीनची गाय'. त्यानंतर चीन-जपान युद्ध पेटलं आणि निर्वासितांचे लोंढे हाँगकाँगमध्ये आले. कुपोषण, बेरीबेरी. गाईचं दूध या लोकांना परवडण्यातलं नव्हतं. लोने १९४० च्या मार्चमध्ये कारखाना सुरू केला आणि दुधाचं नाव ठेवलं व्हिटासॉय. पहिल्या दिवशी नऊ बाटल्या खपल्या, सहा सेंटला एक.

नऊ! आपल्या पहिल्या रिलीजला नऊ युजर आले तर आपण काय करू, याचा विचार करून बघा.

दूध सायकलवरून घरोघर पोचवलं जाई, अगदी गवळ्यासारखं. आणि खरी अडचण इथेच होती. लोने सगळी पद्धत गाईच्या दुधाची उचलली: बाटली तीच, पाश्चरायझेशन तेच, रोज सकाळचा रतीबही तोच. पण पाश्चरायझेशनने सगळं मरत नाही. काही जिवाणू बीजाणू करून बसतात, म्हणजे स्वतःभोवती चिलखत घालून झोपी जातात. साध्या उकळीलाही ते दाद देत नाहीत. थंड होताच उठतात. हाँगकाँगचा उन्हाळा, गिऱ्हाईक गरीब, घरात फ्रीज नाही. आणि ज्याने हे दूध आयुष्यात कधी थंड, बाटलीतून प्यायलेलं नाही, त्याला 'हे बिघडलंय' आणि 'हे असंच लागतं' यातला फरक कसा कळणार? सोयाबीनचा उग्र वास तर ताज्या दुधालाही येतो.

पुढे १९४१ च्या डिसेंबरात जपानने हाँगकाँग घेतलं आणि कारखाना बंद पडला. युद्धानंतर लोने तो पुन्हा उभा केला. अडचण सुटली ती १९५३ मध्ये. भरलेली, झाकण लावलेली बाटलीच दाबाखालच्या वाफेत तापवायची, उकळबिंदूच्या बरीच वर. तत्त्व आपल्या कुकरचंच: दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास जातं आणि तिथे बीजाणूंचं चिलखत टिकत नाही. आता बाटली फ्रीजशिवाय टिकायला लागली. म्हणजे ती टपरीवर ठेवता येते, शाळेत ठेवता येते. लोने व्हिटासॉय दुधाच्या रांगेतून काढून सरळ शीतपेयांच्या रांगेत नेऊन ठेवलं आणि तिथून त्याचा धंदा वाढला.

मला यातली गंमत वाटते ती अशी. गिऱ्हाइकाला बिघडलेलं दूध ओळखायला शिकवणं हा एक मार्ग होता. लोने तो प्रश्नच काढून टाकला. अर्थात बाटली बंद आहे तोवर.

दुसरा टप्पा स्वीडनमधल्या लुंड गावचा. रुबेन राउसिंगच्या टेट्रा पॅकने १९६० च्या दशकात निर्जंतुक कागदी खोक्यात निर्जंतुक दूध भरायची पद्धत बसवली. दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवायचं, लगेच थंड करायचं, हवा न लागू देता भरायचं. व्हिटासॉय या खोक्यात आलं १९७५ मध्ये. (ओटचं दूधही लुंडचंच. तिथल्या विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्टे यांनी ते १९९० च्या दशकात बनवलं.) काचेच्या बाटलीत निदान दिसायचं तरी, गुठळ्या झाल्यात की थर बसलाय. खोक्यात डोळ्यांचं काम संपलं. उरला फुगलेला खोका. आत वायू तयार झालाय असा त्याचा अर्थ, असा खोका न चाखता सरळ फेकायचा. पण फुगला नाही म्हणजे चांगला, असंही नाही. काही जिवाणू वायू न करता नुसतं आम्ल करतात.

असो. तर आज आपण तो खोका उघडतो आणि गाईच्या दुधावर तयार झालेलं नाक त्याला लावतो. इथे चुका दोन्ही बाजूंनी होतात.

पहिली बाजू, चांगलं दूध फेकणं. गरम काळ्या कॉफीत सोया दूध ओतलं आणि ते फाटलं, की लोक खोका बेसिनमध्ये रिकामा करतात. बहुतेक वेळा दूध बरं असतं. कॉफी आम्ल असते, सोयाचं प्रथिन आम्ल आणि उष्णता एकत्र आली की गोळा होतं. टोफूसाठी हेच मुद्दाम करतात. 'बरिस्ता' लिहिलेल्या खोक्यांत यावर उतारा म्हणून फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. तसंच तळाला बसलेला थर. हलवल्यावर तो मिसळला तर काही झालेलं नाही. हलवूनही गुठळ्या राहिल्या, ओतताना दूध चिकट किंवा तार धरल्यासारखं पडलं, झाकणाशी रंगीत ठिपके दिसले, आंबट-कुबट वास आला, तर मात्र गेलं.

दुसरी बाजू गंभीर आहे. ८ जुलै २०२४ रोजी कॅनडात सिल्क आणि ग्रेट व्हॅल्यू या दोन ब्रँडची बदाम, ओट, नारळ, काजू वगैरेंची १८ प्रकारची दुधं बाजारातून परत मागवली गेली. ही सगळी फ्रीजमध्ये ठेवायची दुधं होती, ओंटारिओतल्या पिकरिंगच्या एकाच कारखान्यात भरलेली. त्यात लिस्टेरिया हा जिवाणू सापडला होता. २० लोक आजारी पडल्याची नोंद झाली, त्यातले तिघे गेले. पहिले रुग्ण ऑगस्ट २०२३ मधले, म्हणजे जवळपास वर्षभर हे चालू होतं. लिस्टेरिया फ्रीजमध्येही वाढतो, सावकाश. आणि तो दुधाचा वास, चव, रंग, काहीच बदलत नाही. त्या लोकांनी वास घेतलाही असेल. वासात काही नव्हतंच.

लोकांना तपासायला सांगितलं गेलं ते खोक्यावरचं छापील: कोडमध्ये ७८२५ हा आकडा आहे का, आणि तारीख ४ ऑक्टोबर २०२४ किंवा त्याआधीची आहे का. नाक, जीभ, डोळे, कशाचाच संबंध नाही. एका स्ट्रिंगमध्ये दुसरी स्ट्रिंग शोधायची.

आपल्या पेशाच्या लोकांनी पुढचं जरा नीट वाचावं. कोणता कारखाना किती वेळा तपासायचा हे कॅनडाची अन्न तपासणी संस्था एका अल्गोरिदमच्या मदतीने ठरवते. 'ग्लोब अँड मेल' या वृत्तपत्राने त्या वर्षी छापलं की वनस्पतींची दुधं त्या हिशेबात कमी धोक्याची धरली होती, आणि त्या कारखान्यात लिस्टेरियासाठी तपासणी करायला काही वर्षांत कुणी फिरकलंच नव्हतं. गाय नाही, मांस नाही, म्हणून धोका कमी. आपल्या नाकाचं जे गृहीतक, तेच कोडमध्ये उतरलं होतं.

घरी करण्यासारखं तसं थोडंच आहे. फ्रीज चार अंशांवर किंवा खाली. खोका उघडल्यावर त्यावर लिहिलेत तेवढेच दिवस, बहुधा सात ते दहा, भले वास कितीही छान येवो. छापलेली मोठी तारीख ही बंद खोक्याची असते, उघड्याची नाही. घरी काढलेलं बदाम दूध दोन-तीन दिवसांत संपवायचं. घरात कुणी गरोदर असेल, किंवा आजी-आजोबा असतील, तर जास्त काटेकोर, कारण लिस्टेरिया त्यांनाच जड जातो. खोक्याला तोंड लावून पिणाऱ्या मंडळींशी मी या विषयावर बोलत नाही. आणि पँट्रीतल्या खोक्यावर उघडल्याची तारीख घालायला एक मार्कर फ्रीजच्या दाराला दोरीने बांधून ठेवा, नाहीतर तो मीटिंग रूममध्ये जातो.