तिसऱ्या चढाईची कुळकथा

बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या अलीकडच्या गोराईत रात्रीचे कबड्डीचे सामने भरतात. तिथे कठड्यावर बसलेल्या एका पोराच्या हातात मी वही पाहिली. मैदानात खेळणाऱ्या दोन्ही संघांशी त्याचा संबंध नव्हता. त्यातला जिंकेल त्याच्याशी दुसऱ्या दिवशी त्याच्या मंडळाची गाठ पडणार होती. प्रत्येक चढाईपटूच्या नावापुढे तीन रकाने आखलेले होते, पण पहिले दोन जवळजवळ कोरे आणि तिसरा गच्च भरलेला. कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, पहिल्या दोन चढायांना तो फिरून जातो. तिसरीला खेळतो."

या वाक्याने मला थेट १८८१ सालच्या अमेरिकेत नेलं.

तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या त्यांच्या खेळात, त्या साली येल आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला. चेंडू ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून तो काढून घेण्याची नियमात सोय नव्हती. मग प्रिन्स्टनने पहिला अर्धा डाव चेंडू दाबून ठेवला आणि येलने दुसरा. निकाल शून्य-शून्य. येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी पुढच्याच वर्षी यावर तोड काढली: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. अंतर मोजता यावं म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर पांढऱ्या रेघा आल्या. १९०६ साली पाचाचे दहा यार्ड झाले आणि १९१२ साली तीनाचे चार प्रयत्न. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू दूर लाथाडून मोकळे होतात. त्यामुळे खरा निर्वाणीचा प्रयत्न ठरतो तिसरा. येत्या शनिवारी ज्याच्याशी खेळायचं त्याच्या आक्रमणाचा अभ्यास करणारा तिथला प्रशिक्षक याच तिसऱ्या प्रयत्नाच्या चित्रफिती वेगळ्या काढून बसतो.

इकडे कबड्डीत प्रो कबड्डी लीगने घराघरांत पोहोचवलेला नियम असा: एका संघाच्या सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. दोन्ही खेळांत दुखणं एकच होतं, वेळकाढूपणा. आघाडीवरचा संघ चढाईला माणूस धाडायचा, तो निदान रेषा ओलांडून, दम राखून, कुणाच्या हाती न लागता परत यायचा, आणि घड्याळ पुढे सरकायचं. औषधही एकच निघालं, मोजून संधी द्यायची. आणि माझं ठाम मत असं की प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाची वही या औषधातून जन्मली. आक्रमणाला सक्ती झाली की त्याला आपलं खरं रूप ठरावीक वेळी दाखवावं लागतं, आणि जे ठरावीक वेळी दिसतं तेच लिहून ठेवता येतं.

हुतुतू ते कबड्डी हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. संजीवनी, गामिनी, अमर हे प्रकार, १९२३ सालची बडोद्यातली नियमावली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये घडवलेलं दर्शन, बुवा साळवींची हयातभराची मेहनत, १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत प्रवेश. इथे तो एवढाच पुरे.

वाद आहे तो वहीच्या जन्माचा. काही जण तिचं मूळ थेट बहिर्जी नाईकांपर्यंत नेतात. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीआधीची टेहळणी ही आपल्या अभिमानाची गोष्ट खरीच. पण हेर लपवलेलं शोधतो. चढाई हजार डोळ्यांदेखत होते, तिच्यात लपवलेलं काही नसतं. हे कूळ मला मान्य नाही.

दुसरा पक्ष कॅमेऱ्याचा. २०१४ मध्ये वरळीत लीग सुरू झाली, प्रत्येक चढाई टीव्हीवर आली आणि अभ्यास सुरू झाला, असं हा पक्ष म्हणतो. कॅमेऱ्याने काम सोपं केलं यात शंका नाही. पण गोराईच्या कठड्यावर कॅमेरा नव्हता, एक पेन होतं. चित्रफीत हाताशी असली तरी त्यातलं नेमकं काय पाहायचं, हे कॅमेरा सांगत नाही.

तिसरा पक्ष सर्वांत तगडा, कारण त्याच्याकडे जकार्ताचा पुरावा आहे. आशियाई खेळांत १९९० ते २०१४ पर्यंतची पुरुष कबड्डीची सगळी सुवर्णपदकं भारताची. २०१८ मध्ये जकार्तात साखळीत दक्षिण कोरियाने आपल्याला २४-२३ असं हरवलं, आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८. कोरियाचा जांग कुन ली तेव्हा आपल्या लीगमधल्या बंगाल वॉरियर्सचा खेळाडू होता. इराणचा फजल अत्राचली २०१५ साली त्याच लीगमधल्या यू मुंबाच्या विजेत्या संघात डावा कोपरा सांभाळत होता. उपांत्य सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं नमवलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे ज्यांनी आपल्यात राहून आपला खेळ जाणला, त्यांनीच आपल्याला हरवलं. सहवास हाच अभ्यास, असं या पक्षाचं म्हणणं. मुंबईला हे नवं नाही. दिवसा कंपनीच्या संघातून एकत्र खेळणारे दोघे रात्री आपापल्या मंडळांकडून समोरासमोर उभे ठाकत. एकमेकांची लकब त्यांना पाठ असे.

हे सगळं मान्य करूनही मी माझ्या मतावर आहे. सहवासातून माणूस कळतो. तो डाव्या पायाने बोनस मारतो की उजव्या, मागे लाथ फेकण्याआधी त्याचा खांदा कुठे वळतो, हे कळतं. पण तो हे नेमकं कधी करणार, हे कसं कळायचं? तिथे नियम लागतो. चढाई ३० सेकंदांची, सामना ४० मिनिटांचा, म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून साधारण ८० चढाया. त्यातल्या किती तिसऱ्या, हे बोटांवर मोजता येतं. बचावात सहा किंवा सात जण असतील तर निर्वाणीच्या चढाईत बोनसवर सुटका होऊ शकते. पाच किंवा कमी असतील तर बोनस नाही, कुणाला तरी शिवावंच लागतं. म्हणजे बचावपटू किती उरलेत आणि चढाई कितवी आहे, या दोन आकड्यांवरून चढाईपटूची वाट निम्मी ठरून जाते. उरलेली निम्मी सहवासाने किंवा कॅमेऱ्याने भरते. कोपरारक्षक घोटा धरायला एरवी कचरतो, तो इथे झेप घेतो, कारण समोरच्याला मागे फिरायची मुभा नाही हे त्याला ठाऊक असतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सक्ती तर निदान रेषेनेही होतीच, ती ओलांडल्याशिवाय चढाई वैध नाही, मग वही तेव्हाच का जन्मली नाही? उत्तर मैदानाच्या मापात आहे. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि शेवटची रेषा ६.५ मीटरवर. निदान रेषेमागे बचावाला पावणेतीन मीटर उरतात. दोघेही अंतर राखून असले तर ती ओलांडून परतणं कसलेल्या चढाईपटूला अवघड नाही. ती सक्ती जागेची होती. धोका पत्करायची सक्ती तिसऱ्या चढाईने आणली.

ही कल्पना आली कुठून? बास्केटबॉलच्या २४ सेकंदांच्या घड्याळाकडे बोट दाखवणारे आहेत. एनबीएने ते १९५४ साली आणलं, तेही वेळकाढूपणावरच. पण ते घड्याळ फक्त सेकंद मोजतं, आणि तसं घड्याळ कबड्डीत ३० सेकंदांच्या रूपाने वेगळं आहेच. तिसरी चढाई मोजते प्रयत्न. प्रयत्न मोजून हक्क काढून घेण्याची रीत कॅम्प यांच्या घराण्याची. माझा तर्क असा की टीव्हीसाठी खेळाची घडी बसवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी खेळ होते आणि हे कलम तिथूनच लागलं.

एका बाबतीत मात्र दोन्ही घराण्यांची फारकत झाली. अमेरिकेत कॉलेजांच्या संघटनेने १९९४ पासून येत्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला स्वतः हजर राहून टेहळणी करायला बंदी घातली, आणि २०२३ साली मिशिगन विद्यापीठाचा संघ याच प्रकरणात अडकला. आपल्याकडे मैदानाचा कठडा सर्वांना मोकळा आहे. त्यामुळे वहीपासून बचावाचा मार्ग खेळातूनच निघाला. नावाजलेल्या चढाईपटूकडून दोन कोऱ्या चढाया करून घ्यायच्या आणि तिसरीला दुसराच माणूस पाठवायचा. कित्येक संघ आता अशा निर्वाणीच्या चढाईसाठी एखादा खास गडी राखून ठेवतात.