हमी आणि जाब

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, परंतु कवाड नसते. रात्री कुत्री-मांजरे आत शिरू नयेत एवढ्यापुरती एखादी सुटी फळी उंबऱ्याशी टेकवून ठेवतात, आणि तिच्या आड दागदागिने, रोकड व हल्ली मोबाइलही निर्धास्त पडलेला असतो. उघड्या चौथऱ्यावर छत्राविना उभी असलेली शनैश्वराची शिळा ही या गावाची हमी. २०११ साली युको बँकेने येथे बिनकुलपाची शाखा उघडली ती याच लौकिकावर. तथापि २०१५ साली गावात पोलिस ठाणेही आले. शिळेला जाब विचारता येत नाही; ज्याच्यापाशी जाऊन जाब विचारता येतो असा कोणीतरी समोर असणे, हेच हमीचे मर्म होय, आणि आपल्या मुलखाने ते फार पूर्वी ओळखले होते.

मराठेशाहीत सरकारी पैशाच्या भरण्याला मालजामीन घेत आणि माणूस वेळेवर हजर राहील याला हाजिरजामीन. गावात चोरी झाली तर जागल्याने, म्हणजे गावच्या राखणदाराने, चोराचा माग काढीत तो शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन पोचवावा, म्हणजे जबाबदारी त्या गावावर जाई. माग आपल्याच शिवेत विरला तर भरपाईचा बोजा आपल्याच गावावर पडे. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या रिवाजाची नोंद केली आहे.

वस्तूंच्या बाबतीतही हाच न्याय होता. सुताराने नांगर, कुळव, पाभर वर्षभर नीट ठेवावी, लोहाराने फाळ पाजवून द्यावा, चांभाराने मोट शिवून द्यावी, आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते न्यावे. औत दहा वेळा मोडले तरी दहा वेळा दुरुस्त करणे हे सुताराचे कर्तव्यच होते. ही व्यवस्था जातीच्या जोखडाने जखडलेली होती, म्हणून तिचे पुनरुज्जीवन कोणी इच्छू नये. परंतु वस्तू घडविणारा आणि वापरणारा एकाच शिवेत राहत, एवढे तिचे बळ मात्र विसरता येत नाही.

कारखान्याचा माल आला आणि घडविणारा दृष्टीआड झाला. १९३० च्या मालविक्री कायद्याने विक्रीची मुख्य अट आणि दुय्यम हमी यांत भेद केला: अट मोडल्यास माल नाकारता येई, हमी मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येई, आणि तीही दिवाणी दाव्याच्या दीर्घ वाटेने. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तिच्यामागे हीच व्यथा होती. पुढे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे किंवा किंमत परत करणे, असे तिन्ही आदेश देण्याचा अधिकार जिल्हा मंचांस दिला.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. आज तो शेतकऱ्याच्या खिशात औताइतकाच आवश्यक झाला आहे. तो पुन्हापुन्हा बंद पडतो, तेव्हा मालक कामाचा दिवस मोडून नगरला सेवा केंद्रात जातो. काउंटरवरचा मुलगा फोन भिंगाखाली धरून आत ओल शिरल्याची खूण शोधतो, सॉफ्टवेअर नव्याने भरतो, जॉबशीटवर सही घेतो. आठवड्याने पडदा पुन्हा काळा. दरम्यान हमीचे वर्ष सरत असते. अशा वेळी २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून अमलात आहे, ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागू देतो. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवितो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

म्हणूनच मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो की, पावती आणि प्रत्येक खेपेची जॉबशीट, तारीख व नेमका दोष लिहून घेऊन, जपून ठेवावी. जागल्या जसा पावलामागून पाऊल ओळखीत शिवेपर्यंत जाई, तसे हे कागद म्हणजे दोषाचा माग आहेत. तो अखंड राहिला, तरच जबाबदारी ज्याच्या शिवेतील आहे त्याच्यापर्यंत पोचते.